हिरव्या पाण्याची साक्ष

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, ओहोटी पुरती लागल्यावर, दिनानाथांनी नदीकाठावरून पत्नीला फोन केला. लतिकाबाईंनी चौथ्या मजल्यावरच्या शौचालयात हिरवी भुकटी टाकून पाणी सोडले. गळती शोधण्यासाठी प्लंबर वापरतात, तीच ती भुकटी.

दिनानाथांशेजारी हरेश्वर उकिडवा बसला होता. नदीलगतचे त्याचे भात सलग दोन हंगाम करपले होते. दोष वरच्या अंगाच्या रंगाच्या कारखान्याचा, असे दिनानाथांच्या सोसायटीने ठरवून टाकले होते. कारखाना बंद करावा, असा अर्जही तयार होता. दिनानाथांना मात्र आधी आपल्या घरचे पाणी तपासायचे होते. सोसायटीचे सांडपाणी शुद्ध होऊनच बाहेर पडते, असे कागदोपत्री लिहिलेले होते. दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे झाले, तर हरेश्वरचे तिसरेही पीक जाणार होते.

नवव्या मिनिटाला झुडपांआडच्या पाइपातून हिरवी धार पडली. ती पात्रात पसरली आणि बांधाच्या कडेने शेताकडे सरकू लागली. दिनानाथांनी वेळ वहीत लिहिली. हरेश्वरने सांगितले की हे पाणी तो रोजच पाहतो. एरवी त्याला रंग नसतो, इतकेच.

दोघे सोसायटीच्या फाटकाशी पोहोचले, तोवर गॅलऱ्यांतून फोटो काढून झाले होते. कारखान्याने पुन्हा विष सोडल्याची बातमी प्रत्येक मोबाइलवर गेली होती. सेक्रेटरी जितेश खुर्चीवर अर्ज ठेवून उभा होता आणि स्टेशनकडे निघालेली माणसे थांबून सह्या करत होती. दिनानाथांनी त्याला सर्व क्रमाने सांगितले: भुकटी, मजला, वेळ, पाइप. आधी आपला पाइप बंद करावा, शुद्धीकरणाचे यंत्र खरोखर चालवावे, मग कारखान्याकडे वळावे. जितेशने मध्ये न बोलता ऐकून घेतले.

"काका, रंग तुमचा असेल," तो म्हणाला. "पण फोटो काय क्लिअर आलाय."

रांगेतल्या एकाने विचारले की रिटायर झाल्यापासून काका संडासात रंगपंचमी खेळतात काय. चारपाच जण हसले आणि सह्या करून निघून गेले.

मग जितेशने पेन हरेश्वरला दिले. मूळ गावकऱ्याची सही असली की अर्जाला वजन येते, असे तो समजावत राहिला. हरेश्वरने अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. नंतर खाली सही केली.

"तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलंत," दिनानाथ म्हणाले.

"पाह्यलं ना. पन भाऊ, दोनशे घरांच्या मोऱ्या कोन बंद करनार? कारखाना तरी एकच हाय."

आणि त्याने पेन दिनानाथांपुढे धरले.