पाचवी मात्रा

वाद्यं चारच: व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट आणि पायाने चालवायचं शिलाई मशीन. नव्या सभागृहासाठी ही रचना शिंप्याच्या लेकीकडून मुद्दाम बांधून घेतली होती. मशीन तिच्या वडिलांचं. ते जाऊन वर्ष झालं होतं.

तालीम संपली तसा मशीनवर बसलेला तालवादक म्हणाला, "ताई, स्वरलिपीच्या छपाईत मशीनची दर पाचवी मात्रा गळली होती. मी पेन्सिलने भरून काढली. आता कसं सरळ धावतंय बघा!"

 लेकीने शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं.

"छान चालवलंत हो," आई म्हणाली. "पण ह्यांचा पाय अधू होता. चार ठोके झाले की घसरायचा. मशीन थांबलं की मी काजं करता करता मान वर करून बघायचे, बरे आहेत ना. तेवढ्यात पुन्हा सुरू व्हायचं."

तालवादकाने खोडरबर मागून घेतला.

कार्यक्रमात दर पाचव्या मात्रेला मशीन गप्प झालं आणि दर वेळी पहिल्या रांगेत आईची मान वर झाली.

रचना रिकाम्या मात्रेवरच संपत होती. टाळ्या थांबल्या, दिवे लागले, तरी आईची मान वरच होती.