ओळखायला लागणारा वेळ

तपासणी तिसऱ्यांदा त्याच जागी थांबली. वामन परबांच्या मेंदूतली स्मृतिचिप रोज थोड्या आठवणी गमावत होती. चूक सापडली नाही, तर महिन्याभरात काहीच उरणार नव्हतं.

“हा तपासणीचा प्रोग्राम जुना आहे,” तंत्रज्ञ वसुधा त्यांच्या पत्नीला, मालिनीबाईंना म्हणाली. “चिपला मिळणारी प्रत्येक आज्ञा तो आधी स्वतः करून बघतो. चेहरा एका क्षणात ओळखायची आज्ञा त्याच्यानंतरची आहे, ती त्याला कळतच नाही. काका तुमच्याकडे बघतात आणि तो थांबतो.”

“म्हणजे माझंच तोंड आड येतंय होय?”

वसुधा क्षणभर हसली. “ती आज्ञा बंद करता येईल, पण दुरुस्ती टिकायची तर कायमचीच. मग काका जुन्या पद्धतीने ओळखतील. डोळे, नाक, हनुवटी, असं एकेक करत. दर वेळी मिनिटभर लागेल.”

मालिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते लगेच ओळखीचं हसले.

“करा बंद,” त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत चूक सापडली, दुरुस्तही झाली. परबांनी डोळे उघडले आणि समोरच्या बाईकडे ते परक्यासारखे पाहू लागले. फोटोला बसावं तशा मालिनीबाई स्थिर बसून राहिल्या. परबांची नजर कपाळावरून भुवयांवर आली, गालावरून हळूहळू खाली उतरली.

“मालू,” ते अखेर म्हणाले, “हनुवटीखाली हा डाग कसला गं?”

“कुकरच्या वाफेनं भाजलं होतं. अकरा वर्षं झाली त्याला. आज दिसला होय?”