निम्मी चमक

बाळाच्या पेशी मशीनवर चमकल्याच नाहीत. ऋतुजा पडद्याकडे बघत राहिली आणि मनात म्हणाली, देवा, अँटिबॉडीच नासलेली असू दे.

लातूरच्या या लॅबमध्ये लागल्यापासून असलं मागणं तिनं कधी मागितलं नव्हतं. पण बाळ तिच्या सख्ख्या बहिणीचं होतं. नाळ पडायला उशीर, बेंबी भरेना, ताप हटेना. सृष्टी त्याला मांडीवर घेऊन दवाखान्यात बसली होती. तिला रडायचंही त्राण उरलं नव्हतं. ऋतुजाचे डोळेही जागरणानं चुरचुरत होते. पांढऱ्या पेशी आपल्या अंगावरच्या ज्या रिसेप्टरच्या बळावर जखमेपर्यंत पोचतात, त्यालाच ही अँटिबॉडी चिकटते आणि चमकते. बाळाच्या पेशी कोऱ्याच. दोष एक तर बाळात, नाही तर हैदराबादहून उन्हातान्हात आलेल्या अँटिबॉडीच्या कुपीत.

"धडधाकट माणसांचं रक्त लावून बघ," लॅबच्या प्रमुख सौदामिनी मॅडम म्हणाल्या.

ऋतुजानं स्वतःचं लावलं. निलंग्याहून डबा घेऊन आलेल्या रामलिंगचंही काढून घेतलं. थोरल्या मामाला सृष्टी दिलेली, धाकट्या मामाशी, या रामलिंगशी, ऋतुजाचं लग्न ठरलेलं. घरातली पोर घरातच राहते म्हणून सगळे खूश होते, आणि खरं सांगायचं तर ऋतुजाही.

दोघांचीही चमक निम्मीच आली. ऋतुजाच्या जिवात जीव आला. दोन ठणठणीत माणसं निम्मी दिसतात, म्हणजे कुपीच नासली. बाळाला काही झालेलं नाही. ती चक्क हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बाही वर करून स्वतःचा हात पुढे केला.

मॅडमच्या पेशी लख्ख चमकल्या.

"अँटिबॉडी चांगली आहे गं," त्या हळूच म्हणाल्या. "दोष तुमच्या घरात आहे. तुम्हा दोघांत निम्माच, म्हणून त्रास नाही. बाळाला आईकडूनही आला आणि वडलांकडूनही."

बाळाला पुण्या-मुंबईकडे न्यावं लागेल, बोनमॅरो बदलावा लागेल, असंही त्यांनी सांगितलं. ऋतुजा मान हलवत होती. तिला फक्त कुठं तरी आडवं व्हावंसं वाटत होतं.

रामलिंग बाहेर बाकावर बसला होता. ती शेजारी टेकली आणि सगळं सांगितलं. आपल्याला मूल झालं तर त्याचंही असंच होऊ शकतं, हेही सांगितलं.

"मग आपलं कसं?" त्यानं विचारलं.

"मामा," ती म्हणाली, "तुमी माझे मामाच ऱ्हावा."