लाल गाडीचे दिवे

पेणला आबांच्या कारखान्यात दीडशे गणपती डोळ्यांवाचून बसून होते. डोळ्यांची आखणी आबाच करायचे. पण परवा एका मूर्तीचा डोळा तिरका गेला आणि त्यांनी ब्रशच खाली ठेवला. "माझा हात गेला आता," एवढंच म्हणायचे.

मग त्यांची नात सुरभी आपल्या बावीस छोट्या धातूच्या गाड्यांमधली सगळ्यांत लाडकी, रोह्याच्या मामाने दिलेली लाल गाडी घेऊन आली. एरवी ती त्या गाडीला कुणाला बोटसुद्धा लावू द्यायची नाही!

"आबा, हिचे पुढचे दिवे गेले. रंगवून द्या ना."

"मूर्तीचा डोळा जमत नाय, नि हे मुगाएवढे दिवे जमणार व्हय?"

"बिघडले तर बिघडले. खेळण्यातली गाडीच तर हाय," सुरभी म्हणाली खरी, पण तिचा जीव नुसता वरखाली होत होता.

आबांनी श्वास रोखून चंदेरी रंगाचे दोन ठिपके दिले. दिवे असे झळकले, की आता गाडी सुटतेय थेट रोह्याला! आबा उठले आणि पहिल्या गणपतीसमोर जाऊन बसले.

"आबा, तुम्ही म्हणजे ना, कमाल!"

"व्हय, व्हय. पण पुढच्या वेळी दिवे खरवडताना ब्लेड जपून चालव गो. बॉनेटवर ओरखडा उठलाय."