दुरुस्तीचा रकाना

काटा साठवर स्थिरावला तेव्हा चौकशी अधिकाऱ्याने हवेचा दाब मोजणाऱ्या पाण्याच्या नळीवरचा आकडा वाचला. खरा वेग चोपन्न. काटाकाकांनी वेगमापकाच्या काचेवर टिचकी मारली, काटा कुठे अडकत नाही ना ते पाहिलं आणि आकडा लिहून घेतला.

तीस वर्षं विमानांचे वेगमापक तपासणाऱ्या या माणसाला कार्यशाळेत सगळे काटाकाका म्हणत. काका घरी मीठसुद्धा मोजून खातात, अशी चेष्टा चालायची. आजचा वेगमापक मात्र त्यांच्या वैमानिक मुलीच्या विमानातला होता. दोन आठवड्यांपूर्वी उतरताना वेग फार कमी पडला, विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं आणि ती गेली. तेव्हापासून काका जेवत होते, झोपत होते, विचारलं तर उत्तर देत होते. आत काही म्हणजे काही हलत नव्हतं. तपासणी दुसऱ्याकडे देऊ का, असं अधिकाऱ्याने विचारलं, तर नको म्हणाले.

भेटायला येणारे दबक्या आवाजात एकच बोलत, पोरीचा अंदाज चुकला. ते ऐकून बायकोने अंथरूण धरलं होतं. आज पहाटे तिने एवढंच विचारलं होतं, "तिची चूक होती का हो?" काका तसेच उठून कार्यशाळेकडे निघाले होते.

वेगमापक सहाने जास्त दाखवतो, यात नवल नव्हतं. थोडीफार चूक प्रत्येकातच असते. ती मोजायची, दुरुस्तीचं कार्ड करायचं आणि वैमानिकासमोर लावायचं. जास्त दाखवत असेल तर तेवढं वजा करायचं. विमानातलं कार्ड जळून गेलं होतं, पण त्याची प्रत काकांच्या नोंदवहीत होती.

अधिकाऱ्याने वही उघडली. साठच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"इथे अधिक सहा लिहिलंय. उणे हवं ना?"

"हो. चूक अधिक, म्हणून दुरुस्ती उणे. मी चुकीपुढचं अधिकचं चिन्ह तसंच दुरुस्तीच्या रकान्यात उतरवलं. नवशिके करतात तसं."

"म्हणजे साठ दिसत असताना ती सहासष्ट धरून चालली."

"तिने कार्डावर विश्वास ठेवला. तिची काहीच चूक नाही."

अधिकाऱ्याने वही मिटली. मग परवाना जाईल, खटलाही उभा राहील, असं त्याने खाली मान घालून सांगितलं. काकांनी जबाबावर सही केली.

त्यांनी घरी फोन लावला. आपली पोर चुकली नव्हती, चुकलो मी, असं सांगितलं. बायको आधी हमसून हमसून रडली. मग शांतपणे म्हणाली, "या घरात पुन्हा पाऊल टाकू नका."

बरं, म्हणून काकांनी फोन ठेवला. आज सकाळी कार्यशाळा उघडून त्यांनी उण्याच्या चिन्हावर उभी रेघ मारली, तोपर्यंत वहीतल्या त्या रकान्यात उणे सहाच होतं.