हिरवं कडं

बाजार भरायच्या आधीच मल्हारी घोडकेनं आपली म्हैस शेजारच्या इरफानच्या हाती दिली आणि त्याची आपण घेतली. सगळेच व्यापारी तसं करत. खोटं बोललं की मनगटातलं सरकारी कडं लाल व्हायचं, तेव्हा विकायच्या जनावराची खोड ठाऊकच नसलेली बरी.

"लाथ मारते का?" समोरच्या बाईनं विचारलं.

"मला नाही ठाऊक." कडं हिरवंगार.

"दूध किती देते?"

"तेही ठाऊक नाही. घ्यायची तर घ्या, नाहीतर वाट सोडा."

बाई हलली नाही. म्हशीकडं न बघता ती मल्हारीकडंच बघत राहिली. "तुमच्या लेकीच्या गोठ्यात बांधाल का ही?"

"बांधीन की," मल्हारी चिडून बोलून गेला, आणि कडं निखाऱ्यासारखं लाल झालं.

आजूबाजूचे सौदे थांबले. बाजार समितीचा माणूस धावत आला, तशी मल्हारीनं मान खाली घातली. पण त्या माणसानं हात धरला तो बाईचा.

"चला, बाहेर व्हा," तो म्हणाला. "इथं जनावराबद्दल विचारायचं असतं. माणसाबद्दल नाही."