पाच वाजताचा पाय

“रोज पाच वाजता. कोमट पाणी, चिमूटभर मीठ, आणि बोटांच्या मध्ये नीट कोरडं कर. तो ओरडेल. ओरडू दे.”

शिवणाच्या मावशींची मैत्रीण मरताना एवढंच सांगून गेली होती. त्याला वर्ष होत आलं. मावशींनी एक दिवस चुकवला नव्हता. मैत्रिणीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला मधुमेह होता आणि डाव्या पायाची जखम भरता भरत नव्हती. रोज साफ केली नाही तर अंगठा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि आता साडेचार वाजून गेले होते, आणि मावशी चर्चमध्ये पुढच्या रांगेत अनवाणी बसल्या होत्या.

पवित्र गुरुवार होता. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या आठवणीचा विधी. एरवी फादर बारा जणांचे पाय धूत. यंदा त्यांनी तो मान सेवा मंडळाला दिला होता. धुणाऱ्यांची यादी एका सकाळीत भरली. धुवून घेणाऱ्यांची काही भरेना. “आमचे पाय आम्हाला धुता येत नाहीत का?” असं ज्याने त्याने कळवलं. नम्र व्हायला सगळे तयार होते, गरजू व्हायला कोणी नाही.

मंडळाच्या गरजूंच्या यादीत मावशी मात्र पहिल्या होत्या. त्यांची खोली चर्चला लागून होती, जिना चढायचा नव्हता आणि त्या कुणाला नाही म्हणत नसत. उपवासकाळ सुरू झाल्यापासून रोज एक सभासद येऊन त्यांची सेवा करून जाई. एकीने डबे आवरले. तेव्हापासून मीठ शोधावं लागत होतं. दुसरीने रिळं उंचीप्रमाणे लावली. तिसरीने दुखऱ्या गुडघ्याला असं काही तेल चोळलं की चांगला गुडघाही ठणकायला लागला. मावशी हूं की चूं करत नव्हत्या. बिचारीचं व्रत अडायला नको, म्हणून गुडघा पुढे करत. मात्र पाचला दहा कमी असताना, “मला जरा जाऊन यायचंय,” म्हणून उठत.

घड्याळवाला यादीत नव्हता. मंडळ एकदा त्याच्या दुकानात गेलं होतं. त्याने चष्म्यावरून पाहत विचारलं, “आधी फोटो की आधी पाय?” त्याच्या नावापुढे ‘गरज नाही’ असा शेरा पडला.

मंडळाच्या अध्यक्षा, शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई, उशीवर गुडघे टेकून मावशींच्या पुढ्यात बसल्या. त्यांनी उजवा पाय धुतला, पुसला. फोटो हलला. पुसलेला पाय पुन्हा ओला करण्यात आला.

“मोठ्या बाई,” मावशी हळूच म्हणाल्या, “माझं झालं असेल तर निघू का? पाच वाजत आलेत.”

“आत्ता कुठे निघालात? अजून डावा राहिलाय. मग सत्कार आहे.”

“घड्याळवाल्याचा पाय धुवायचाय हो.”

“ते रोजचंच आहे. आज तुम्ही करून घ्यायचं.” मोठ्या बाईंनी फोटोवाल्याकडे तोंड ठेवूनच समजावलं. “सेवा करायला नम्रता लागते, तशी घ्यायलाही लागते, मावशी. सगळ्यांनाच ते जमत नाही.”

“मला जमतंय की. पण त्याला माझ्याशिवाय आहे कोण?”

हे म्हणताना मावशींची मान जराशी ताठ झाली. त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मोठ्या बाईंनी डावा पाय दोन्ही हातांत घट्ट धरला. दुसऱ्याच्या हातातून स्वतःचा पाय कसा सोडवून घ्यायचा, हे मावशींना कोणी शिकवलं नव्हतं. त्या बसून राहिल्या. चर्चच्या घड्याळात पाचचे टोले पडले.

घड्याळवाला स्टुलावर पाय ठेवून दाराकडे बघत होता. सव्वापाच झाले. साडेपाच झाले. समोरच्या दवाखान्यातली नर्स रस्ता ओलांडून आली. गेलं वर्षभर ती अधूनमधून विचारायची, आज पुन्हा विचारलं.

“काका, मावशी अडकल्यात चर्चमध्ये. आणा तो पाय इकडे. पाच मिनिटांचं काम आहे माझं.”

“नको.”

“राग येणार नसेल तर एक सांगू? मी केलं असतं तर ही जखम कधीच भरली असती. त्या इतक्या चोळतात की धरलेली खपली रोज निघते.”

“माहीत आहे मला.”

“माहीत आहे? मग कशाला करून घेता?”

 घड्याळवाल्याने हातातलं घड्याळ कानाशी नेलं, खाली ठेवलं.

“बायकोला शब्द दिलाय. ती म्हणाली, माझ्यामागे मावशीला ज्याचं करावं असं कोणी उरणार नाही, आणि कुणाचं केल्याशिवाय ती जगायची नाही. तू तेवढा रोज पाय पुढे कर.”

 त्याने काठी घेतली, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा, लंगडत लंगडत, तो चर्चच्या रस्त्याला लागला.